मगरदाती तलवार

तलवार घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी तिची लांबी बघतो. मग रुंदी, मग चमक. हातात धरून बघतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोवर त्याचं मन बसलेलं असतं. माझी सगळी हयात जबलपुरात, गोहलपुरच्या आमच्या कारखान्यात अशा मन बसलेल्या गिऱ्हाइकांशी भांडण्यात गेली. भांडले मनापासून आणि जिंकलेही पुष्कळदा. आज सांगणार आहे ती मात्र माझी सगळ्यात आवडती हार आहे.

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, ऐरण, पॉलिशचं चाक आणि मागे अंगण. नाटकं, रामलीला, दसऱ्याच्या झाँक्या म्हणजे देखावे आणि लग्नं यांच्यासाठी आम्ही तलवारी बनवायचो. सगळ्या बिनधारेच्या. धारेची तलवार मागायला कोणी आलंच तर माझे वडील त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. ते आखाड्यात पटा, म्हणजे दांडपट्टा, आणि तलवार शिकवायचे. मलाही शिकवली, कारण मी ऐकत नव्हते. आमचं घराणं नागपूरकरांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि जबलपुरातच राहिलं. त्या वेळची एक तलवार घरात आहे. ती पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा मुठीत हात घालून बघतो आणि तोच प्रश्न विचारतो, "पूर्वीच्या लोकांचे हात एवढे लहान होते का हो?"

हात लहान नव्हते. मूठच मुद्दाम आखूड असते. खाली जी वाटीसारखी चकती असते, ती मनगटाला टेकते आणि मनगट जास्त हलू देत नाही. मग वार मनगटातून न होता खांद्यातून होतो, आणि तुम्ही पाऊल पुढे टाकलं की पातं आपोआप ओढलं जातं. म्हणजे अवघडल्यासारखी वाटणारी ती मूठच शिकवणाऱ्याचं अर्धं काम करत असते. खऱ्या तलवारीत शोभेचं असं फार थोडं असतं. जे दिसतं ते कोणाचा तरी जीव वाचावा म्हणून तिथे आलेलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोल. वरणाने भरलेला डाव दांड्याच्या अगदी टोकाला धरून बघा, हात लगेच भरून येतो. तोच डाव वाटीजवळ धरला की पोरसुद्धा वाढू शकते. चांगल्या तलवारीचं वजन हाताजवळ असतं, टोकाकडे नसतं. चित्रात आणि पडद्यावर दिसणाऱ्या तलवारींचं सगळं वजन असतं टोकाकडे, कारण चित्र काढणाऱ्याला ती उचलायची नसते.

टीव्हीवर पौराणिक मालिका लागल्या आणि आमच्या धंद्याला बरकत आली, माझ्या डोक्याला ताप आला. जो तो कागदावर काहीतरी खरडून आणायचा. बड़ा फुहारा बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींनी मुलाच्या लग्नासाठी अशी तलवार मागितली की मुठीच्या दोन्ही बाजूंना मोराचे पिसारे फुललेले असावेत. मी सांगितलं, शेठजी, नवरदेवाने घोड्यावर बसून या तलवारीने तोरणाला स्पर्श करायचा आहे, पिसारा अडकेल. ते म्हणाले, "दीदी, आप बनाओ तो सही, जमेगी." जमली. पिसारा तोरणात असा काही जमला की तोरण खाली आलं, घोडा बिथरला आणि नवरदेव तलवारीसकट सासऱ्याच्या अंगावर उतरला. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, पण शेठजींना हे कोण सांगणार? त्यांनी पुढच्या वर्षी धाकट्याच्या लग्नात तसलीच मागितली.

एका रामलीलेतल्या मेघनादाला तलवार पाठीवर बांधायची होती. पडद्यावर सगळे बांधतात. मी त्याला म्हटलं, भैया, हात खांद्यावरून जितका वर जाईल तितकंच पातं म्यानातून निघणार, आणि तुझं पातं तुझ्या हातापेक्षा लांब आहे. ऐकलं नाही. ऐन युद्धात त्याची तलवार अर्धी म्यानात आणि अर्धी कानाशी अशी अडकली. समोरचा लक्ष्मण भला माणूस. तो म्हणाला, "निकाल लो, हम खड़े हैं." ती रामलीला लोक अजून आठवतात.

हे असले किस्से सांगून मी वर्षानुवर्षं लोकांना हसवलं आणि मनात पक्कं धरून बसले की कल्पनेतली तलवार म्हणजे निव्वळ नाकापेक्षा मोती जड. मग तिवारीजींचं नाटक आलं.

तिवारीजी आमच्याकडचे नाटकवाले. दर दसऱ्याला मैदानात मोठं नाटक करायचे, गावंच्या गावं लोटायची. त्या वर्षी त्यांनी स्वतःच लिहिलेलं नाटक काढलं. नर्मदेच्या तळाशी एक नगरी आहे आणि तिची राणी शत्रूच्या सेनापतीशी एकटी लढते. नर्मदामाईचं वाहन मगर, म्हणून राणीची तलवार मगरीची. तिवारीजींनी चित्र टेबलावर पसरलं. मुठीवर मगरीची शेपटी गुंडाळलेली, पातं म्हणजे लांबलचक जबडा, आणि दोन्ही बाजूंनी हे एवढाले दात.

मी म्हटलं, "तिवारीजी, हिला उचलणार कोण?"

"रानी उठाएगी."

राणी होणार होती वंदना मेश्राम. टपाल खात्यात काम करणारी, सडपातळ, बोलायला तिखट. तिचे आजोबा भंडाऱ्याकडून इथे नोकरीला आले होते. नाटकात तिने आजवर दासी केली होती, सखी केली होती, एकदा भालदारही. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. मी लाकडावर पत्रा चढवून हलकी तलवार करते म्हटलं, तर तिवारीजींना खणखणाट हवा होता, म्हणजे लोखंडच पाहिजे. खरं तर दोन शहाणे तलवारबाज एकमेकांच्या पात्यावर पातं आपटत नाहीत, धार जाते. वार ढालीवर घेतात नाहीतर बाजूला सरकतात. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला शहाणपण ऐकू येत नाही, खणखणाट ऐकू येतो. तिथे मी तिवारीजींना मान दिला.

त्यातून ते दोनदा येऊन म्हणाले की लांबून दात दिसत नाहीत, मोठे करा. मोठे केले. अष्टमीला दुपारी तलवार तालमीत गेली. वंदनाने ती डोक्यावर उचलली, पहिला वार केला आणि टोक जे खाली निघालं ते थांबलंच नाही. तिला घेऊन फळ्यांवर आपटलं. मनगट मुरगळलं. सगळे धावले. तिवारीजी वाईट माणूस नव्हे, त्यांनी स्वतः बर्फ आणवला. पण बर्फ लावता लावताच म्हणाले, "बेटा, डायलॉग तुम बोलना. लड़ाई राजू कर लेगा. मुकुट की जाली से चेहरा ढक देंगे, पता नहीं चलेगा."

राजू म्हणजे आखाड्यातला पहिलवान. मुकुटाची जाळी त्याच्या मिशा झाकू शकली असती, पण खांदे कशाने झाकणार होते देव जाणे.

वंदनाने बर्फ बाजूला सारला. माझ्याबरोबर बाहेर आली आणि स्कूटरशी उभी राहून तिने तोंड उघडलं. "दीदी, सगळं नाटक मी करून राहिली आणि लढाईच्या वेळी माझ्या कपड्यात माणूस? काहून? राणी लढू शकत नाही, असंच दिसन ना लोकांना?" तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. मलाही राग आला, आणि मला राग आला की मी वचनं देते. म्हटलं, उद्या सकाळी ये, दात कापून, पातं घासून अर्धं वजन उतरवते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या दिवशी खांडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं पूजेत असतात. हातोडा, करवत, कानस, चिमटे, घरची ती जुनी तलवार, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची संध्याकाळची पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर ज्यांनी पोट भरलं त्यांना तेवढाच विसावा. हे मी विसरले नव्हते. माझा भरवसा करीमभाईंवर होता. करीमभाई म्हणजे आमचे पॉलिशवाले, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांची हत्यारं वेगळ्या पेटीत आणि ती पूजेत नसत. दरवर्षी नवमीला काही अडलं की करीमभाई ते काम करून टाकत.

नवमीला सकाळी पोचते तर करीमभाई नवा कुर्ता घालून दारात उभे, चेहरा नुसता उजळलेला. आत आईने पूजा आटोपली होती. आमच्या हत्यारांच्या शेजारी करीमभाईंची पेटी उघडी, त्यातलं एकूण एक हत्यार झेंडूखाली, आणि मधोमध त्यांचं नवंकोरं ग्राइंडर, त्यावर ठसठशीत कुंकू.

"इस बार नई मशीन आई है ना दीदी," ते म्हणाले, "तो मैंने सोचा, सबको अम्मा के हाथ से टीका लग जाए. बरकत रहेगी."

मी कपाळावर हात मारला. हकिगत कळल्यावर त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. ते ग्राइंडर उचलायला वाकले, तशी आई कडाडली. आईचं वय झालं होतं, आवाजाचं झालं नव्हतं.

"करीम, हात नको लावू. एकदा पूजेत ठेवलं की ठेवलं. मग ते तुझं असो की माझं."

"पर अम्मा, लड़की का काम..."

"लड़की का काम लड़की करेगी."

शेजारच्या दुकानांतूनही काही मागायची सोय नव्हती. दसऱ्यामुळे कोणी गावाला गेलेलं, कोणाचं दुकान बंद. तेवढ्यात वंदना आली. मनगटाला पट्टी. तिच्यामागे राजू पहिलवान. त्याला तिवारीजींनी लढाई शिकून घ्यायला पाठवलं होतं, एका हातात मगर आणि दुसऱ्यात सेनापतीची तलवार देऊन. मी आईला विचारलं, की निदान या दोन तलवारींना तरी हात लावलेला चालेल ना? शस्त्रालाही आज हात लावायचा नसतो.

आईने ती मगर वरपासून खालपर्यंत पाहिली. "हे शस्त्र आहे? हे तर सीनरी आहे. खेळा खुशाल."

म्हणजे आयुष्यभर मी सीनरी घडवत आले तर! पण वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही अंगणात गेलो.

तलवार बदलता येत नाही म्हटल्यावर लढणारीला बदलणं एवढंच हातात राहिलं. मी वंदनाला म्हटलं, काल तू हिला थांबवायला गेलीस म्हणून मनगट गेलं. हिला थांबवूच नको. दोन्ही हातांनी धर, कमरेशी ठेव, आणि ती जिकडे जाते तिकडे तू पण जा. पटा फिरवणाऱ्याचंही हेच असतं. एक वार संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मधे मुक्काम नाही. वडील म्हणायचे, हात दमतो, कंबर दमत नाही. वंदना फिरायला लागली. आधी चारदा धडपडली. मग जमायला लागलं. ती मगर हवेत आठाचा आकडा काढू लागली आणि तिच्या दुखऱ्या मनगटाला काही करावंच लागेना. करीमभाई दारातून "वाह, वाह" करत होते.

पण नुसतं फिरणं म्हणजे लढाई नव्हे. मी राजूला म्हटलं, सेनापतीची तलवार घे आणि समोर ये, हळू वार कर. आणि तिथे जे व्हायला नको म्हणून मी जन्मभर गिऱ्हाइकांशी भांडले होते तेच झालं. राजूचं पातं मगरीच्या दोन दातांच्या मधे जाऊन अडकलं. राजू ओढतोय, निघेना. वंदना ओढतेय, निघेना.

"बघितलं?" मी म्हटलं. "म्हणून दात नको म्हणत होते मी."

वंदना माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्या अडकलेल्या पात्याकडे बघत होती.

"दीदी, थांबा ना. अडकली तर त्याची पण अडकली ना?"

"मग?"

"मगर काय करते? तुकडे थोडीच पाडते. पकडते आणि फिरते."

असं म्हणून ती फिरली. मनगट नाही, हात नाही, अख्खी ती, पायाच्या टाचेवर. राजू पहिलवानाच्या, रोज शेकड्याने दंड काढणाऱ्या राजूच्या हातातून तलवार सुटली आणि अंगणाच्या भिंतीपाशी जाऊन खणखणत पडली.  राजूने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग वंदनाकडे, आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा खिदळला. "दीदी, फिर से! फिर से करो!"

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला फार आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. इतकी वर्षं मी चित्रातल्या तलवारीला विचारत आले की तू खऱ्या तलवारीसारखी का नाहीस. तू कशी आहेस, तुझ्याशी कसं लढायचं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. खरी तलवार तरी कोणीतरी आधी मनातच पाहिली असेल ना? त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत पकड आणि फिरकी घोटली. सुटलेली तलवार मागच्या पडद्याकडेच जायला हवी, लोकांत नको, म्हणून वंदनाने कोणत्या टाचेवर फिरायचं ते पक्कं केलं. दसऱ्याला सकाळी सेनापती होणारे दुबेजी येऊन शिकून गेले. ते म्हणाले, "ठीक है, मैं छोड़ दूँगा."

तिवारीजींनी ऐकून घेतलं, पण त्यांना अष्टमी दिसत होती. ते म्हणाले, वंदनालाच लढू दे, पण राजू कपडे करून विंगेत उभा राहील. तलवार एकदा जरी खाली टेकली तरी अंधार करायचा आणि राण्या बदलायच्या. लाइटवाल्याला तसं सांगून ठेवलं.

दसऱ्याला संध्याकाळी मैदान फुललं होतं. मी विंगेत राजूच्या शेजारी उभी होते. त्याच्या अंगावर हिरवी नऊवारी, डोक्यावर मुकुट, गळ्यात माळा आणि जाळीमागे मिशा. घामाने त्याचा रंग ओघळत होता आणि तो सारखा पुटपुटत होता, "बजरंगबली, मेरी बारी मत लाना."

लढाई सुरू झाली. वंदनाने मगर फिरवायला सुरुवात केली तसं मैदान गप्प झालं. लोखंड हवेतून जाताना जो आवाज येतो तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा. दुबेजींनी वार केला, पातं दातांत बसलं, वंदना फिरायला लागली, आणि दुबेजींनी सोडलंच नाही! समोर एवढी गर्दी, एवढ्या टाळ्या. बायकोमुलं पहिल्या रांगेत. नटाच्या अंगात आलं की तो शिकवलेलं विसरतो. त्यांनी दोन्ही हातांनी तलवार आवळली आणि उलट ओढली. वंदना झोकांडली. मगरीचं टोक खाली, खाली आलं. लाइटवाल्याचा हात बटणाकडे गेलेला मी पाहिला. राजूने डोळे मिटले.

टोक फळीला लागलं नाही. वंदनाने ते वर उचललंच नाही, खालच्या खालीच वळवलं. गुडघा टेकला, पाठ सेनापतीकडे केली आणि सगळं अंग घेऊन फिरली, जशी मगर पाण्यात फिरत असेल. दुबेजी आधी वाकले, मग तिरपे झाले, मग त्यांची बोटं उघडली. तलवार मागच्या पडद्यावर आपटली आणि पडद्यातली नर्मदा थरथरली. दुबेजी खाली बसले होते आणि मगरीचा जबडा त्यांच्या छातीपुढे होता. 

मैदान उठलं. शिट्ट्या, टाळ्या, पगड्या हवेत. मी काय ओरडत होते मला आठवत नाही, पण मराठीत होतं. तिवारीजी धोतराच्या सोग्याने डोळे पुसत पडदा पाडायला सांगत होते आणि पडदेवाला दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता.

आणि राजू? राजूला भान राहिलं नाही. तो मुकुट, माळा, नऊवारी, सगळ्यासकट विंगेतून सुटला तो थेट रंगमंचावर. त्याने वंदनाला मगरीसकट उचललं आणि खांद्यावर बसवून नाचायला लागला. नाचताना जाळी उडाली आणि मिशा जगासमोर आल्या. मैदान क्षणभर चक्रावलं. रंगमंचावर एकीच्या खांद्यावर दुसरी, अशा दोन राण्या.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, असली रानी कौन सी है?"

मिशीवाल्या राणीने हसत हसत आपल्या खांद्याकडे बोट दाखवलं.